भविष्य कुणाच्या शेतावर?

रेवाचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवून खिडकीशी उभी होते. "शैलामावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली... दूध उतू गेलं, ते मी पुसलं, गॅस बंद केला आणि मग खुर्चीत बसले. कुंदा दिघे जाणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पोटातली गाठ काढून झाल्यावरही डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नव्हती. त्यामुळे धक्का बसला वगैरे मी लिहिणार नाही. मला राग आला, आणि इतके आठवडे झाले तरी तो उतरलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. ज्यांना हळवं काही वाचायचं असेल त्यांनी खुशाल पान उलटावं. दुपारपर्यंत फोनवर श्रद्धांजल्यांचा रतीब सुरू झाला. एकाने लिहिलं, 'मराठी विज्ञानकथेची स्वप्नाळू परी हरपली.' परी म्हणे. दुसऱ्याने तिला ताऱ्यांच्या प्रदेशात पाठवून दिलं. तिसरा म्हणाला, ती काळाच्या फार पुढे होती. तिचं एक पान वाचलेला माणूस यातलं एक वाक्य लिहू धजणार नाही. ताऱ्यांचं राहू द्या, कुंदाला तलावापलीकडच्या नव्या इमारतीत राहायला चल म्हटलं असतं, तरी तिने आधी विचारलं असतं की तिथे पूर्वी काय होतं.

आमची ओळखच मुळी भांडणातून झाली. मी इथे पनवेलच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. वाचनालयाच्या सभागृहात उद्याच्या जगाबद्दल माझं व्याख्यान ठेवलं होतं आणि मी मोठ्या झोकात सांगत होते, की पुढे घरकाम यंत्रं करतील, गाड्या आपल्या आपण चालतील, माणसाला वेळच वेळ मिळेल. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उभी राहिली. सुती साडी, बोटांवर काळ्या शाईचे डाग. म्हणाली, गाडी आपली आपण चालेल ते ठीक आहे, पण ती कळंबोलीच्या खड्ड्यात रुतली तर खाली उतरून धक्का कोण मारणार? सभागृह हसलं. मला असा काही संताप आला की उरलेलं व्याख्यान मी तिच्याकडे न बघता संपवलं. नंतर जिन्यात तिला गाठून मी तावातावाने सांगायला लागले, की तेव्हा रस्ते सुधारलेले असतील. ती शांतपणे म्हणाली, "रस्ते कोण सुधारणार तेही सांगा मग." चहाच्या टपरीवर जाईपर्यंत आमचं भांडण चालू होतं, आणि खरं सांगायचं तर ते पुढेही कधी संपलं नाही. ती एका खासगी सर्व्हेच्या ऑफिसात नकाशे काढायची. शेतांचे, बांधांचे, नव्या वसाहतींचे. नवरा रेवा शाळेत असतानाच गेला होता. दिवसभर लोकांच्या जमिनी कागदावर आखायच्या आणि घरी आल्यावर त्याच टेबलावर विज्ञानकथा लिहायच्या, असा तिचा संसार होता.

तिच्या सुरुवातीच्या कथा मात्र अगदी गुळगुळीत होत्या, मैत्रीण म्हणून ते लपवण्यात अर्थ नाही. काचेचे घुमट, चंदेरी कपडे, कधीही न बिघडणारी यंत्रं. भौतिकशास्त्र तपासायला म्हणून ती मला वाचायला द्यायची आणि मी लाल पेनाने पानं रंगवायचे. एका कथेत तिने पनवेलच्या खाडीकाठावरून अग्निबाण सोडला होता. मी विचारलं, बाई, अग्निबाण पूर्वेकडे सोडतात, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा फायदा मिळतो. तुझा हा पुण्याच्या डोक्यावरून जाणार, आणि मध्येच पडला तर कुणाच्या अंगणात पडणार? तिने अग्निबाण खोडला आणि उपग्रहांशी बोलणाऱ्या मोठमोठ्या तबकड्यांचं केंद्र आणलं. मग मी गंजावर बोट ठेवलं. माझ्या बाल्कनीतलं कपडे वाळत घालायचं स्टँड दोन पावसाळ्यांत गंजून जातं, आणि तुझ्या तबकड्या खाऱ्या वाऱ्यात वर्षानुवर्षं चकाकताहेत? आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही. मग एक नवी कथा घेऊन आली. त्यात एक माणूस दिवसभर फक्त गंज खरवडत होता आणि बाकीचं सगळं भविष्य त्या खरवडण्यावर उभं होतं. तिची पहिली चांगली कथा ती. आज तिच्या कल्पनाशक्तीचे गोडवे गाणाऱ्यांपैकी एकाने तरी त्या कथेचं नाव घेतलंय का? त्यांना घुमट आठवतात. गंज नको असतो.

पण कुंदा खरी बदलली ती तिच्या नकाशामुळे. काही वर्षांपूर्वीच्या एका दिवाळी अंकात तिची दीर्घकथा आली, आणि कथेबरोबर तिने स्वतः काढलेला भविष्यातल्या पनवेलचा नकाशा छापला होता. तबकड्यांचं केंद्र कुठे, यंत्रमानवांचं गोदाम कुठे, पळस्प्यापासून खाडीपर्यंत जमिनीखालून जाणारा मार्ग कसा. बाईला नकाशे काढायची सवय आयुष्यभराची. त्यामुळे तिने बांध, विहिरी, ओढे सगळं जसंच्या तसं ठेवलं आणि त्याच्यावर भविष्य आखलं. कुणीतरी त्या पानाचा फोटो काढला, वरचं कथेचं शीर्षक कापलं आणि व्हॉट्सॲपवर टाकला. आता हे दुसऱ्या गावात झालं असतं तर लोक हसून पुढे गेले असते. आमच्याकडे नकाशा म्हणजे गंमत नसते. इथे आधी नकाशा येतो, मग मोजणीवाले येतात, मग खांब रोवले जातात. इथल्या माणसाने रस्ते, वसाहती, विमानतळ सगळं आधी कागदावर बघितलंय आणि मग त्याच जागेवरून आपली गुरं हाकलली जाताना बघितलीत. फोटो गावागावांत फिरला. आतली खबर म्हणून लोक एकमेकांना पाठवत होते. जमिनीचे दलाल कामाला लागले. कुंदाला यातलं काही ठाऊक नव्हतं. एका रविवारी सकाळी तिच्या दारात पांढऱ्या गाडीतून माणसं उतरली आणि तिने घाबरून मला बोलावून घेतलं.

त्यातला पुढचा माणूस म्हणजे हसुराम पाटील. गावाचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर पुन्हा फोन सुरू व्हायचे. पांढरे कपडे, गळ्यात सोन्याची चेन, आवाज असा की शेजारच्यांनी दारं उघडली. त्याने मोबाईल कुंदाच्या नाकासमोर धरला आणि विचारलं, हे केंद्र आमच्या शेतावर कधी येणार, आणि आम्हाला कुणी काही विचारलं का नाही. कुंदाने समजावलं की ही कथा आहे. अंक आणून दाखवला. त्याने पानं चाळली आणि सोबतच्यांना म्हणाला, बघा, छापूनसुद्धा आलंय. मी माझा शिक्षकी आवाज लावून सांगितलं, की अहो, हे सगळं काल्पनिक आहे, खोटं आहे. त्यावर तो म्हणाला, "खोटा हाय तर आमच्या बांधावरची बाभूल बराबर कशी दाखवली? वरून मायती असल्याबिगर कोन एवढा बराबर काडील?" कुंदाने कपाळाला हात लावला. तिच्या कामातल्या चोखपणामुळे तिच्याच घरात चोर शिरावा तशी गत झाली होती. शेवटी चहा झाला, आवाज खाली आले. जाता जाता हसुरामने दारात चपला घालताना विचारलं, रागाने नाही, नुसतंच विचारलं, "बरं ताई, गोष्ट तर गोष्ट. पन गोष्टीत ती तबकडी लागल्यावर आमी कुठं ऱ्हातो?"

ते गेल्यावर कुंदाने अंक पुन्हा नकाशाच्या पानावर उघडला. मी हसून विषय उडवायला गेले तर तिने मला गप्प केलं. मग म्हणाली, "शैले, मी अख्खं गाव पुसलं गं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मोजणीवाल्याला निदान वरून हुकूम असतो." तिने सगळ्या जुन्या कथा काढल्या आणि एकेक वाचत सुटली. घुमटाच्या जागी काय होतं? माहीत नाही. मनोऱ्याखाली कुणाची विहीर गेली? माहीत नाही. त्या दिवसापासून तिने स्वतःला एक नियम घालून घेतला. कथेत कुठलीही नवी वस्तू उभी करायची असेल, तर ती ज्या जागेवर उभी राहणार ती जागा आधी कुणाची होती आणि ते लोक आता कुठे आहेत, हे ठरल्याशिवाय पुढची ओळ लिहायची नाही. मग ते कथेत येवो न येवो. मला हे पटायला वेळ लागला. मी म्हणायचे, अगं, यंत्र कसं चालतं हे नीट सांगितलंस की वाचक विश्वास ठेवतो. ती म्हणायची, यंत्र कसं चालतं ते तू बघ, मला ते कशावर चालतं ते बघायचंय. हसुराम पुढे तिचा पक्का वाचक झाला. म्हणजे वाचायचा नाही, ऐकायला यायचा. ही सगळी आतली खबर आहे आणि ताई मुद्दाम गोष्ट म्हणून सांगतात, हा त्याचा समज मात्र शेवटपर्यंत गेला नाही.

मग आमचं हिंडणं सुरू झालं. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ती मला उन्हातान्हात फिरवायची. मी चिडायचे, माझे गुडघे दुखायचे, पण ही बाई ट्रकखाली वाकून बघतेय. तिने मला दाखवलं, की ट्रकला उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलंय, मालक मुंबईत बसून ट्रक कुठे आहे ते बघतो. त्याच ट्रकच्या पुढे लिंबू-मिरची लटकतेय, मागे ताडपत्री दोराने बांधलीय आणि ती गाठ मारणारा माणूस आजही गाठच मारतोय. "नवीन आलं म्हणून जुनं कुठे जात नाही गं," ती म्हणायची, "ते बाजूला सरकून बसतं, आणि लिहिणाऱ्याला ते दिसत नाही." पळस्प्याच्या नाक्यावर आम्ही थांबायचो तेव्हा ती मोठमोठ्या जाहिरातींचे फलक वाचून दाखवायची. उद्याचं शहर, स्वप्नातलं घर. चित्रातल्या इमारतींभोवती अशी झाडं, जी कोकणातच काय, या देशात कुठे उगवत नसतील. कुंदाला त्या चित्रांची खरीखुरी चीड होती. ती म्हणायची, हे लोक विज्ञानकथाच लिहितात, फक्त वाईट लिहितात, आणि ती लोकांच्या शेतावर उभी करतात. त्या नाक्यावरून हल्ली जाते तेव्हा मला ते फलक दगड मारून फोडावेसे वाटतात. मी निवृत्त शिक्षिका आहे, मला असं वाटणं शोभत नाही, पण वाटतं.

तिच्या कथासंग्रहाला बक्षीस मिळालं, त्या समारंभाचं तर सांगायलाच हवं. अध्यक्षस्थानी एक नामवंत समीक्षक होते. त्यांनी संग्रहाचं कौतुक करता करता पलटी मारली. म्हणाले, लेखिकेची झेप मोठी आहे, पण ती पुन्हा पुन्हा जमिनीच्या कज्ज्यात अडकते. विज्ञानकथेत सातबारा आला की कल्पनेचे पंख छाटले जातात. टाळ्या पडल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या कुणी सातबाऱ्याची चिंता केलेली नाही, त्यांनाच तो कल्पनेच्या आड येतो. कुंदा आभाराचं बोलायला उठली. मला वाटलं, आता ही नेहमीसारखं दोन वाक्यांत गुंडाळणार. तिने शाल नीट घडी करून खुर्चीवर ठेवली आणि म्हणाली, "पंख कुणालाही फुटतात, सर. उतरायला जागा लागते, आणि ती कुणाची तरी असते." एवढं बोलून ती बसली. मी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की रेवाने माझा हात धरला. नंतर जेवताना ते समीक्षक तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. आणि आता त्यांचाच लेख सगळ्यात आधी छापून आला, ती कशी स्वप्नं पेरणारी होती म्हणून.

शेवटची कादंबरी तिने आजारपणातच लिहायला घेतली. तिची नायिका मंजुळा. काळ पुढचा, जागा हीच खाडी. तबकड्यांच्या केंद्रात मंजुळा तबकड्यांवर साचणारं मीठ पुसायचं काम करते, कारण खाऱ्या वाऱ्याने रोज थर चढतो आणि पुसला नाही तर आकाशातला आवाज ऐकू येत नाही. हे केंद्र जिथे उभं आहे, तिथे तिच्या आजीचं मिठागर होतं. पण जागा कुणाची होती हे आता यंत्र ठरवतं, उपग्रहाने काढलेली जुनी चित्रं बघून. त्याच्याकडे आहे ते मिठागराचा बांध फुटला होता तेव्हाचं चित्र, आणि तेही ऐन भरतीचं. यंत्राला नुसतं पाणी दिसतं. यंत्र सांगतं, इथे कधी कुणाची जमीन नव्हतीच, ही खाडी आहे. ही गोष्ट कुंदाला हसुरामने दिली होती. त्याच्या आत्याचं मिठागर कुठल्याशा जुन्या नकाशात असंच खाडी म्हणून रंगवलेलं होतं, आणि म्हातारी जन्मभर सांगत आली की तिथे मी मीठ ओढलंय, पण नकाशात निळा रंग होता तो निळाच राहिला. यात मला काय करता येईल, असं कुंदाने विचारलं तेव्हा मी तिला भरतीचं गणित समजावलं. काही उपग्रह एखाद्या जागेवरून नेहमी ठरावीक वेळेलाच जातात, पण भरतीची वेळ रोज पुढे सरकते, म्हणजे कुठल्या ना कुठल्या दिवशी त्याला ओहोटी सापडलेलीच असणार. ते चित्र कुठेतरी असणारच. कुंदाचा चेहरा असा फुलला, जणू मंजुळा पलीकडच्या खोलीत उभी आहे आणि तिला आत्ताच जाऊन सांगायचंय.

मंजुळाला ते ओहोटीचं चित्र मिळतं. त्यासाठी ती काय काय करते ते मी इथे सांगणार नाही. चित्र घेऊन ती जमिनीच्या कचेरीच्या खिडकीशी येते. आत माणूस नाही, यंत्र आहे. यंत्र चित्र घेतं आणि तिला थांबायला सांगतं. ती उभी राहते. मागे लोक उभे आहेत. इथे कुंदाचं लिखाण थांबलं. दवाखान्यात मी शेवटची भेटले तेव्हा तिला बोलायला धाप लागत होती, तरी तिने माझ्याशी भांडण काढलंच. मी म्हटलं, अगं, देऊन टाक तिला तिची जागा, चित्र सरळ सरळ पुरावा आहे. तिने मान हलवली. हसुरामच्या आत्याला अजून मिळालेली नाही, मग मंजुळाला मी कुठल्या तोंडाने देऊ, असं काहीतरी ती पुटपुटली. मी म्हटलं, मग नाही मिळाली असं लिही. तर म्हणाली, "तेही मला माहीत नाही ना, शैले..." आणि डोळे मिटून पडून राहिली. कादंबरी पुरी करायची राहून गेली असं लोक म्हणतात. ती अडून बसली होती.

शोकसभेनंतर प्रकाशक रेवाला भेटायला आले. तरुण, सभ्य, हात जोडून बोलणारे. ते म्हणाले, आमच्याकडे आता लेखन करणारी यंत्रप्रणाली आहे, ताईंनी आम्हाला पाठवलेल्या प्रकरणांसकट त्यांचं सगळं लिखाण तिला वाचायला दिलं आणि तिने शेवटची प्रकरणं अगदी ताईंच्या शैलीत पूर्ण केली आहेत. मधली जमिनीची प्रकरणंही जरा आटोपशीर केली आहेत, वाचक तिथे कंटाळतो. वाचकाला उमेद हवी असते. मी तिथल्या तिथे त्यांना दार दाखवणार होते, पण रेवाने मला अडवलं आणि ती पानं ठेवून घेतली. ते गेल्यावर आमची जुंपली. मी म्हटलं, तुझ्या आईच्या नावावर हे छापून येणार? रेवाला रडू फुटलं. "मावशी, तुला तत्त्व सांभाळायचंय. मला आईचं पुस्तक एकदा हातात धरायचंय." कादंबरीचे हक्क आता तिच्याकडे होते, आणि अर्धवट पुस्तक कुणी छापणार नाही हेही तिला कळत होतं. मी एवढंच म्हटलं, की सही करायच्या आधी आपण दोघी बसून वाचू.

वाचलं. आणि मला सगळ्यात जास्त राग याचा आला की ते वाईट नव्हतं. वाक्यं कुंदाच्या वळणाची होती. पण त्यात यंत्र ओहोटीचं चित्र बघताक्षणी मंजुळाची माफी मागतं. तिला उंच इमारतीत घर मिळतं. यंत्राने लिहिलेल्या गोष्टीत यंत्र फारच मायाळू निघालं. शेवटच्या पानावर मंजुळा गच्चीत उभी राहून खाली बघते आणि तबकड्या सूर्यप्रकाशात चकाकत असतात. रेवा वाचता वाचता तिथे थांबली. तेच वाक्य तिने परत वाचलं. मी तोंडावर हात ठेवून बसले होते. "मावशी," ती म्हणाली, "मीठ कुठे गेलं? मंजुळा वर गच्चीत गेली, मग खाली पुसतंय कोण?" ती उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. तिने प्रकाशकांना फोन लावला आणि सांगितलं, आईने लिहिलंय तेवढंच छापायचं, जमिनीच्या प्रकरणांसकट, नाहीतर नको. पलीकडून ते अदबीने म्हणाले, मग सध्या थांबू या. थांबू या म्हणजे काय हे आम्हाला कळतं. एवढ्या श्रद्धांजल्या लिहिणाऱ्यांपैकी मी तिघाचौघांना फोन केले. प्रत्येकाने हळहळ व्यक्त केली आणि अर्धवट कादंबरीचं काही होणं कठीण आहे असं सांगितलं. परी हरपली म्हणून गळे काढायला यांना वेळ आहे, तिचं पुस्तक छापायला नाही. कादंबरी आज रेवाच्या घरी पडून आहे, आणि हे मी इथे चारचौघांत मुद्दाम लिहिते आहे.

मागच्या रविवारी कुंदाच्या घरी आम्ही ती मोठ्याने वाचायला बसलो. कुणी छापत नाही तर निदान ऐकवू, असं रेवाच्या मनात आलं. हसुराम गावातली चार माणसं घेऊन आला आणि बरोबर आपल्या आत्याला घेऊन आला. म्हातारी चांगलीच थकलेली, ऐकायला कमी येतं, म्हणून तिला रेवाच्या अगदी जवळ बसवलं. मिठागराचं वर्णन आलं तसं तिने रेवाला दोनदा थांबवून दुरुस्त्या सुचवल्या. मंजुळा खिडकीशी गेली, यंत्राने तिला थांब म्हटलं, आणि रेवाने कागद खाली ठेवला. आत्या वाट बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "पुढं?" रेवा तिच्या कानाशी वाकून म्हणाली, आजी, आईने एवढंच लिहिलंय. म्हातारीने तिच्याकडे बघितलं, मग हसुरामकडे, मग माझ्याकडे. "म्हंजे उभीच हाय ती अजून?"

त्या वेळी मला कुंदाचा इतका राग आला की ती समोर असती तर मी तिला गदागदा हलवलं असतं. यंत्राने लिहिलेली पानं माझ्या पर्समध्ये होती. फेकायची म्हणून घेतली होती, फेकली नव्हती. वाचून दाखवली असती तर म्हातारी सुखाने घरी गेली असती, आणि खरं सांगते, माझा हात पर्सच्या चेनवर गेला होता. पण रेवा माझ्या आधी बोलली. "हो, आजी. उभीच आहे." आत्याने पदर सारखा केला, पाय पोटाशी घेतले आणि भिंतीला पाठ टेकून नीट बसली.

"मंग पयल्यापासून वाच परत," ती म्हणाली.

रेवाने पानं गोळा केली आणि वाचायला सुरुवात केली.